वळिवड्याचा इतिहास १९४३ लाच सुरू होतो काय?

मळीकाठ

राम राम मंडळी. मी वळिवड्याचा, ता. करवीर. नोकरी शिरोली एमआयडीसीत, राहायला गावातच.

ग्रामपंचायतीच्या दारात गावाची माहिती देणारा फलक लावायचं घाटतंय. मी मागं गणेश मंडळाच्या अहवालात दोन पानं लिहिली होती, तेवढ्या गुन्ह्यावर हे काम माझ्या गळ्यात पडलंय. फलक चार बाय सहाचा. मजकूर फार बसणार नाही, पण एकदा रंगवला की पुढची पिढीभर तोच खरा धरला जाणार, म्हणून धास्ती.

अडचण अशी की नेटवर गावाचं नाव टाकलं की सगळीकडं पोलंडच. महायुद्धात पोलंडचे निर्वासित इथं राहिले, त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, सिनेमा होता वगैरे. चांगलंच आहे, नाही कोण म्हणतोय. पण ती माणसं यायच्या आधी इथं गाव होतंच की. त्याच्याबद्दल कुणी चार ओळी लिहिलेल्या नाहीत. नंतरचं म्हणाल तर एकदम गांधीनगरची कापडपेठ. मधल्यामध्ये आमचं गाव कुठं गेलं?

जुनं गाव नदीकडं आणि स्टेशन, छावणी, पेठ सगळं वरच्या अंगाला, हे कशामुळं झालं? कोल्हापूर राजधानी होती आणि आम्ही हाकेच्या अंतरावर, त्याचा गावाला काय फायदा झाला का नुसताच त्रास? गांधीनगर आमच्यातनं फुटलं की शेजारी येऊन वसलं, यावर तर पारावर रोज वाद. परवा एकजण अर्धा चहा टाकून उठून गेला. शिवाय एका जाणत्या माणसाचं म्हणणं, आपलं गाव जुन्या शिलाहार राजांची राजधानी होतं, ते पहिल्या ओळीत घाल. घालू काय?

सायकलवाला_कोल्हापुरी

भावा, कशाला डोकं शिणवतोस? पोलंडच लिही मोठ्या अक्षरात. तुमच्या गावाचं नाव वॉर्सात दगडावर कोरलेलं आहे, २०२४ च्या ऑगस्टात पंतप्रधान तिथं फुलं वाहून आले. असलं किती गावांच्या नशिबात असतंय?

आमच्या महावीर गार्डनमधला पोलंडच्या लोकांचा स्तंभ १९९८ चा. रोज सकाळी शंभर माणसं त्याच्या बाजूनं फेऱ्या मारतात आणि निम्म्यांना तो कशाचा हे ठाऊक नसतं. तेव्हा शहराला आठवण राहील असं तुम्हीच लिहा.

रविवारी आम्ही तावडे हॉटेलवरनं गांधीनगर, वळिवडे असं सायकलवर जातो. पेठ संपून उसाची रानं लागली की हवा बदललेली कळते, एवढंच माझं भूगोलाचं ज्ञान.

जुना_तलाठी

सायकलवाले, तुमच्या शेवटच्या वाक्यात जेवढा भूगोल आहे तेवढा पुष्कळ झाला. हवा बदलते ती जागा म्हणजेच माळ आणि काळं रान यांची शीव. मळीकाठ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

करवीर तालुक्यात माझी उभी नोकरी गेली. वळिवडे सजा, म्हणजे तलाठ्याच्या ताब्यातला भाग, माझ्याकडं कधी नव्हता, लगतचा होता, आणि शिवेचे तंटे आले की दोन्ही गावांचे नकाशे मांडून बसायला लागायचं. त्यामुळं गाव मला आधी नकाशात दिसतं, मग रस्त्यावर.

पंचगंगा प्रयाग चिखलीच्या संगमावर तयार होते, कोल्हापूरला उत्तरेकडनं वळसा घालते, पूर्वेला रुकडी, इचलकरंजी करत नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जाते. त्या वाटेवर तुम्ही उजव्या काठाला, पलीकडं रुकडी. काठाला लागून मळी, पुराचा गाळ दरसाल वर येऊन बसणारी. तिच्या वर काळं रान. नदीपासनं लांब जाल तशी जमीन चढते, हलकी होते, खाली मुरूम लागतो. जुन्या माणसांनी पांढरी, म्हणजे गावठाण, कुठं धरली? घागर घेऊन नदीला जाता येईल इतकी जवळ आणि नेहमीचं पाणी उंबऱ्याला लागणार नाही इतकी वर. काळ्या रानात घर बांधून पीक घालवायचं नाही आणि माळावर बांधून पाण्याला वणवण करायची नाही. कोल्हापूरच्या भोवतीची नदीकाठची बहुतेक गावं अशीच बसलेली आहेत. माळ राहिला गुरांना. सारा कमी, पीक कुसळाचं, कुणाचा जीव अडकलेला नाही.

आता राजधानीचं. करवीरची गादी ताराराणींनी पन्हाळ्यावर मांडली, ती १७८२ मध्ये खाली कोल्हापुरात आली. हे साल फलकावर घाला, कारण तुमच्या गावाचं नशीब तिथनं फिरलं. राजधानी डोंगरावर होती तोवर तिला तुमच्या माळाशी काय देणंघेणं नव्हतं. ती मैदानात उतरली आणि रोजची वैरण, दूध, भाजी, सरपण भोवतालच्या खेड्यांतनं शहरात जायला लागलं. फायदा का त्रास, विचारता. दोन्ही. माल खपायचा आणि वेठही पडायची. राजधानीजवळच्या खेड्याला हे चुकत नाही.

खरा फरक पडला रेल्वेनं. कोल्हापूर ते मिरज ही लाइन दरबारच्या पैशानं झाली, १८८८ ला काम सुरू आणि १८९१ ला गाडी सुरू. शाहू महाराज तेव्हा अल्पवयीन, राज्यसूत्रं हाती यायची होती १८९४ ला. तोवर कोल्हापूरचा गूळ बैलगाड्यांनी घाट उतरून राजापूर, चिपळूणच्या बंदरांना जायचा. आता रूळ कुठनं न्यायचे? मळीतनं न्यायचे तर भराव घाला, दर पावसाळ्यात धास्ती घ्या, वर उसाच्या जमिनीची भरपाई द्या. नदी ओलांडायला पूल बांधावा लागलाच, तो तुमच्या आणि रुकडीच्या मध्ये. बाकी लाइन जमेल तेवढी उंचावरनं. म्हणून वळिवडे स्टेशन वळिवड्यापासनं लांब पडलं. गावाला गाडी पकडायची तर चालत माळ चढायचा.

स्टेशन झालं आणि माळाचं मोल पालटलं. ज्या जमिनीला कुणी विचारत नव्हतं ती एकाएकी राजधानीच्या जवळ आली. शाहूपुरीची पेठ महाराजांनी १८९५ ला वसवली ती रेल्वेच्या जोरावर, जयसिंगपूर १९१७ च्या सुमारास वसवलं तेही याच लाइनवर. तुमच्याकडं त्यांनी पेठ वसवली नाही. शहराच्या इतक्या जवळ दुसरी पेठ कशाला? तुमचा माळ मोकळाच राहिला, आणि मोकळा राहिला म्हणून पुढचं सगळं घडलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की वळिवड्याचा माळ ही कोल्हापूरची पडवी. राजधानीला जे जवळ पाहिजे पण माजघरात नको ते इथं. तुम्हीच एकटे नव्हे, चारी बाजूला हेच झालं. विमानतळ १९३९ ला उजळाईवाडीच्या माळावर. पुढं कारखाने शिरोलीला आणि गोकुळ शिरगावला. आणि १९४३ ला पाच हजार परदेशी माणसं आणून ठेवायची म्हटल्यावर जागा कुठली, तर स्टेशन दाराशी असलेली, मोकळी, शहरापासनं फार लांब नाही पण शहरात नाही अशी. वळिवडे स्टेशनचा माळ.

राजाराम महाराज १९४० ला गेलेले, गादीवर दत्तक बाळराजे, कारभार रीजन्सीकडं, म्हणजे राजाच्या वतीनं राज्य चालवणाऱ्या मंडळाकडं. छावणीचा निर्णय वरून हिंदुस्थान सरकारचा, खर्चाची जबाबदारी लंडनमधल्या पोलंडच्या परागंदा सरकारची. संस्थानानं जागा दिली आणि आसरा दिला, याचं श्रेय कमी नाही. पण लोक कधी कधी जामनगरचे जामसाहेब आणि वळिवडे एकाच दमात सांगतात, तो घोळ फलकावर नको. जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला १९४२ ला आणली ती बहुतेक अनाथ मुलं. वळिवड्याला मुख्यत्वे बायका, मुलं आणि म्हातारी माणसं, कारण हाताशी आलेले पुरुष सैन्यात. बालाचडीची छावणी बंद झाल्यावर तिथली काही मुलंही इकडंच आली, १९४६ ला.

ही माणसं आली कुठनं तेही एका ओळीत यायला पाहिजे. १९४० आणि ४१ मध्ये रशियानं पूर्व पोलंडमधनं उचलून सैबेरिया, कझाकस्तानात टाकलेली कुटुंबं. जर्मनीनं रशियावर हल्ला केल्यावर तह झाला, त्यांना सोडलं, कॅस्पियन ओलांडून ती इराणात आली, तिथनं जहाजानं कराचीला, मग रेल्वेनं इथं. पाच वर्षं राहिली. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. पोलंड रशियाच्या ताब्यात गेल्यामुळं बरेचजण परतलेच नाहीत, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका असे विखुरले.

फुटलं की वसलं, यावर पारावर भांडायचं कारण नाही. माणसं बाहेरनं येऊन वसली आणि जमीन आधीपासनं इथलीच होती. दोघंही खरं बोलतात. चहा टाकून उठलेल्या गृहस्थांना सांगा.

गादीवाला_गांधीनगर

तलाठीकाका, नमस्कार. पडवी म्हणालात ते ऐकून घेतलं, कारण पडवीतच आमची तिसरी पिढी जेवते आहे!

मी गांधीनगरचा, सिंधी, कापडाची गादी, म्हणजे दुकान आहे. तुम्ही कराची म्हणालात तिथं मला थांबायला झालं. आमची दादी पण कराचीवरनंच आली. फाळणीनंतर जहाजानं मुंबई, तिथनं कल्याणचा कॅम्प, मग कुणीतरी सांगितलं की कोल्हापूरकडं छपरं तयार आहेत, गोऱ्या लोकांनी खाली केलेली. म्हणजे एकाच बंदरातनं निघालेली दोन देशांची निर्वासित माणसं, चार-पाच वर्षांच्या फरकानं, एकाच छपराखाली राहिली. हे फलकावर लिहिलं तर मी रंगाचे पैसे देतो.

बराकी आमच्या लहानपणी काही उभ्या होत्या. लांबच लांब, वर कौलं, आत पार्टिशन घालून एकेका कुटुंबाला खोल्या, पुढं व्हरांडा. शेजारच्या घरात कढीत काय पडलं ते फोडणीच्या वासावरनं कळायचं. दादीच्या तोंडी सगळं "बराक"च्या हिशेबानं. अमक्याची मुलगी दिली कुठं? चार बराकी सोडून.

धंदा कसा उभा राहिला ते कुणी विचारत नाही, म्हणून सांगतो. शेती नाही, वतन नाही, भावकी नाही. मुंबई, अहमदाबादेहून उधारीवर तागे आणायचे आणि खेड्यांच्या आठवडा बाजारांत खांद्यावर गठ्ठा टाकून विकायचे. मग बाजार करत फिरण्यापेक्षा खेड्यातल्या दुकानदारानंच इथं यावं असं झालं. कोकणातनं, बेळगावकडनं, गोव्यातनं व्यापारी सकाळी उतरायचा, दुपारपर्यंत माल काढायचा, गाठी बांधून एसटीच्या टपावर टाकून रात्री घरी. शाहूपुरीत, लक्ष्मीपुरीत गाळा घ्यायची ऐपत नव्हती म्हणून बराकीच्या पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्यात संसार. भाडं नाही, म्हणून भाव कमी. कमी भावाची ख्याती झाली आणि पेठ झाली. आता पेठ गांधीनगरच्या हद्दीत मावत नाही. वळिवडे, उचगाव, गडमुडशिंगी, जिकडं बघाल तिकडं शोरूम. एका रस्त्यावरनं सरळ चालत गेलात तर पंचायती बदलतात आणि दुकानं संपत नाहीत. गटार तुंबलं की मात्र ते नेमकं कुणाच्या हद्दीत यावर आठवडा जातो.

पोलंडची माणसं अधूनमधून बघायला यायची, आता वयानं कमी झाली. मी गल्ल्यावर बसायला लागलो त्या काळात एक आजी आल्या होत्या, बरोबर नातू आणि दुभाषी. हातात छावणीचा जुना नकाशा, त्यावर पेनानं केलेली खूण. स्टेशनकडनं पावलं मोजत आल्या आणि आमच्या दुकानात शिरून साड्यांच्या रॅकपुढं उभ्या राहिल्या. दुभाषी म्हणाला, या म्हणतात इथं आमचा पलंग होता. वडिलांनी खुर्ची दिली, चहा मागवला. जाताना त्यांनी एक चादर पसंत केली. वडील पैसे घेईनात. तर आजींना राग आला, दुभाष्याला बाजूला सारून त्या सरळ म्हणाल्या, "कितना? नाही, जास्ती. तीन रुपये." चादर दीडशेची होती. वडिलांनी तीन रुपये घेतले आणि रीतसर पावती केली.

मळीकाठ

काका, गादीवाले, दोघांना दंडवत. हे एवढं चार बाय सहामध्ये कसं कोंबू आता?

तलाठीकाका, शिलाहारांचं मात्र राहिलं. ते जाणते गृहस्थ आजही भेटले, म्हणाले ताम्रपटात नाव आहे, तुम्ही शिकलेली पोरं आपलंच नाकारता. आणि रेल्वेच्या आधीचे गावचे कागद कुठं मिळतील? ग्रामपंचायतीत विचारलं तर कपाट दाखवलं, त्यात जुन्यात जुनं म्हणजे मागच्या निवडणुकीच्या मतदारयाद्या.

रुकडीची_लेक

मधेच बोलते. माहेर रुकडी, सासर वळिवडे. पुलाच्या दोन्ही टोकांनी पंचगंगा बघितलेली बाई आहे मी, आणि इथं सगळे माळाचंच बोलताय.

पूर लिहायला विसरू नका. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे आमच्याकडं पोरांना पाढ्याआधी पाठ होतं. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत त्याच्याही वर. कोल्हापूरचे रस्ते बंद, हायवे बंद, पुलाखाली पाणी चढलं की रेल्वेही मिरजेला थांबणार. माझी आई तिकडं आणि मी इकडं, मधे दिसतोय तेवढा पूल, आणि बोलणं फोनवर.

आमच्या आजेसासूबाई फोन, आकडे काय मानायच्या नाहीत. पाणी चढायला लागलं की काठाला खुंटी रोवायची, तासाभरानं बघायची. बुडाली की दुसरी खुंटी, चार पावलं मागं. ओल्या मातीत खुंट्यांची ओळच लागायची. तीन खुंट्या दुपारच्या आत बुडाल्या की बाई एक शब्द न बोलता गोठ्यात जाऊन दावी सोडायच्या. गुरं कुठं न्यायची हा प्रश्नच नव्हता. माळावर. तिथं पाणी येत नाही हे त्यांच्या सासूनं त्यांना सांगितलेलं.

तलाठीभाऊ, तुम्ही म्हणालात माळात कुणाचा जीव अडकलेला नव्हता. आमच्या बायकांचा अडकलेला होता. वर्षातले आठ-दहा दिवस का होईना, तो माळ म्हणजे गावाचा गोठा होता. २०१९ ला आम्ही म्हशी घेऊन वर निघालो तर जिथं तिथं पेव्हर ब्लॉक, शटर आणि पार्किंग. शेवटी एका व्यापाऱ्यानं गोडाऊनचं मागचं आवार उघडून दिलं, खायला भुसा पण मागवला. माणूस भला होता म्हणून. पण दरवेळी भला माणूस शोधत फिरायचं काय?

बंधाऱ्यांचंही घाला. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, असे एकामागनं एक. पावसाळ्यात बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांतल्या फळ्या, काढायचे म्हणजे पूर वाहून जातो, पावसाळा सरला की बसवायचे म्हणजे नदीत पाणी तुंबून राहतं. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून महाराष्ट्रभर नाव झालं ते याचंच. उन्हाळ्यात ऊस उभा राहतो तो या बरग्यांवर आणि राधानगरीतनं सोडलेल्या पाण्यावर. आणि तुंबलेल्या पाण्यावर शहराचं सांडपाणी येऊन केंदाळ, म्हणजे जलपर्णी, माजतं, तेही याच बरग्यांपाशी. राजधानीनं पडवीत काय काय ठेवलं त्या यादीत हे पण लिहा, लाजू नका.

जुना_तलाठी

ताई, गुरांचं तुम्ही म्हणता ते आमच्या तलाठी दप्तराच्या कुठल्याच नमुन्यात येत नाही. गायरान एवढा शब्द येतो, आणि एकदा गायरानाचा वापर बदलला की पुरातली म्हैस कुठं बांधायची हा रकाना कागदावर नसतोच. मळीकाठ, शहराच्या हद्दवाढीच्या नाहीतर नगरविकास प्राधिकरणाच्या बैठकीला गावातनं कोण जात असेल तर ताईंचं हे म्हणणं त्यांच्या हातात लिहून द्या. २०१७ ला भोवतालच्या ४२ गावांसाठी प्राधिकरण झालं. तिथं रस्ते किती फुटी यावर तास तास चर्चा होते. पुरात गुरांना उंचावर राखीव जागा, ही मागणी सार्वजनिक आहे आणि तिला खर्चही फार नाही.

आता शिलाहार. तुमच्या जाणत्यांना सांगा, नाकारत कोणी नाही. शिलाहारांच्या लेखांत वळवाड म्हणून राजधानीचं ठाणं येतं हे खरं. कोल्हापूर, पन्हाळा आणि वळवाड अशी त्यांची मुक्कामाची ठिकाणं. पण राधानगरीचं जुनं नावही वळिवडेच होतं. शाहू महाराजांनी तिथं धरणाचं काम काढलं त्या काळात ते राधानगरी झालं. भोगावतीचं खोरं, घाटाची तोंडं, पाठीशी डोंगर, राजाचा तळ पडावा अशी जागा ती. अभ्यासकांचा कलही तिकडंच जास्त. तुम्ही फलकावर राजधानी म्हणून रंगवलं आणि उद्या राधानगरीचा एखादा मास्तर बघायला आला तर पंचाईत. राजधानीशेजारचं गाव एवढं खरं आहे, तेच लिहा. तेवढ्यावर तुमचं काय बिघडत नाही.

कागदांचं. ग्रामपंचायतीच्या कपाटात जुनं काही मिळणार नाही, ती संस्थाच नवी. गावचं दप्तर पूर्वी असायचं कुलकर्ण्यांच्या घरी. करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ ला कुलकर्णी वतनं बंद केली आणि पगारी तलाठी नेमले. म्हणजे माझं पद तिथनं जन्मलं. महाराजांचं हे काम वेदोक्त आणि आरक्षणाच्या मानानं कमी सांगितलं जातं, पण खेड्यातल्या माणसाच्या रोजच्या जगण्यात याच्याइतका फरक कशानं पडला नसेल. कागद एका घराच्या माळ्यावरनं सरकारी चावडीत आला. पण सगळा आला असं नाही. तुमच्या गावच्या जुन्या कुलकर्णी घराण्यातलं कोणी पुण्या-मुंबईला असेल तर हात जोडून विचारा, माळ्यावर लाल कापडात बांधलेले कागदांचे रुमाल, म्हणजे गठ्ठे, आहेत का. मिळाले तर मोडीत असतील. कोल्हापुरात मोडी वाचणारी माणसं आजही आहेत, घाबरू नका. आणि रुमाल सोडताना पंखा बंद ठेवा.

दुसरं ठिकाण कोल्हापूर पुराभिलेखागार. संस्थानचं दप्तर तिथं आहे. तुम्ही अर्जात "वळिवड्याचा इतिहास" असं लिहिलंत तर कर्मचारी तुमच्याकडं बघत राहतील. नेमकं मागा. रेल्वेसाठी जमीन घेतली ती १८८८ ते १८९१ च्या दरम्यान, त्या सालांची प्रकरणं. छावणीसाठी १९४२ आणि ४३ ची. करवीर सरकारचं गॅझेट निघायचं, त्यात जमिनी घेतल्याच्या जाहिराती असायच्या, त्या चाळा. तिसरं, भूमी अभिलेखच्या कार्यालयात गाव नकाशा आणि आकारबंद, म्हणजे जमिनींच्या क्षेत्राची आणि साऱ्याची नोंद. नकाशाची नक्कल रीतसर फी भरून मिळते. जुना नकाशा आणि आत्ताचा शेजारी ठेवा. माळावरच्या मोठ्या सर्व्हे नंबरांचे पुढं किती तुकडे पडले ते तुम्हाला माझ्याशिवाय दिसेल. क.जा.प. बघायला शिका, कमी-जास्त पत्रक. कुठल्या जमिनीतनं कधी काय वजा झालं ते त्यात उतरतं. रेल्वेला गेलेली पट्टी त्यात सापडली की गावाची आणि स्टेशनची फारकत तुम्हाला बोटानं दाखवता येईल.

गादीवाल्यांच्या कराचीला एक ओळ द्याच. संस्थान १९४९ च्या १ मार्चला मुंबई राज्यात विलीन झालं, राजधानी संपली, जिल्ह्याचं ठिकाण झालं. छावणी रिकामी होणं, सिंधी माणसं येणं आणि संस्थान जाणं, हे सगळं दोन वर्षांच्या आत. एवढ्या घाईत त्या माळाची कागदपत्रं कशी झाली असतील ते मी नोकरीत असताना भोगलंय.

२०१९ च्या सप्टेंबरात वळिवड्यात पोलंडचे परराष्ट्र उपमंत्री येऊन स्मृतिस्तंभाचं अनावरण करून गेले, तेव्हा पोलंडला त्यांचा दगड मिळालेला आहे. तुमच्या फलकात त्यांना दोन ओळी पुरतात. उरलेल्या जागेत नदी, पांढरी, रेल्वे, पेठ आणि ताईंची पूररेषा येऊ द्या. पूररेषेला शब्द नको, फलकाच्या खांबावर २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा रंगवून टाका, खांब तेवढ्या खाली असला तर.

आणि एक. कितीही मोह झाला तरी गट नंबर फलकावर लिहू नका. आत्ता लोक पारावर भांडतात, मग वकील घेऊन भांडतील, आणि साक्षीला मला बोलावतील.